प्रेमाची देणगी आणि चळवळीचा हिशेब

(तेलगाव, जि. बीड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. दुष्काळ, उसाचा भाव, तोडणीचे दर, रोजगार हमीची थकलेली मजुरी असे प्रश्न दाराशी उभे आहेत. अशा वेळी दिनदर्शिकेवरचे चित्र कोणी काढले, ते छापण्यापूर्वी कोणाला विचारावे, त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशाचे काय करावे, या गोष्टींवर तासभर बोलण्याइतका वेळ चळवळीपाशी आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, हा प्रश्न कलेच्या रसिकांचा नसून श्रमाचा आहे. तो श्रम आपल्याच घरात होतो आणि त्याच्याशी आपण कसे वागतो याची तपासणी बाहेरचा कोणी करीत नाही. म्हणून ती आपणच केली पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या जिल्ह्यातच नव्हे, तर सबंध महाराष्ट्रात आज चळवळीच्या खुणा असलेल्या वस्तूंची मोठी विक्री होते. १४ एप्रिलच्या जयंतीला गावोगावच्या मंडळांचे टी-शर्ट निघतात. ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी तसबिरी, बिल्ले, दिनदर्शिका, किल्ल्यांच्या साखळ्या, कापडी पिशव्या यांची दुकाने लागतात. शिवजयंतीचे तसेच, गणेश मंडळांचे तसेच, आणि कामगार संघटनांच्या अधिवेशनांचेही तसेच. या वस्तूंवरची सगळीच चित्रे धंदेवाईक चित्रकारांची नसतात. त्यातली पुष्कळशी कोणा अनुयायाने, कोणा चाहत्याने केवळ श्रद्धेपोटी काढलेली असतात. कोणी बाबासाहेबांचे रेखाचित्र काढतो, कोणी सावित्रीबाईंचे, कोणी अण्णाभाऊंचे. तो ते मित्रांना दाखवतो, मोबाइलवरून दहा जणांना पाठवतो. दहाचे हजार होतात. आणि पुढच्या जयंतीला तेच चित्र अनोळखी माणसाच्या छातीवर छापलेले त्याला दिसते. खाली नाव असते ते मंडळाचे, देणगीदाराचे किंवा इच्छुक उमेदवाराचे. चित्र काढणाऱ्याचे नाव कोठेच नसते.

जुन्या काळात हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता, त्याला कारण होते. मोर्चाच्या आदल्या रात्री कार्यकर्ता गेरू आणि चुना घेऊन भिंत रंगवीत असे. ती भिंत कोणी विकत नव्हते आणि दोन पावसाळ्यांत ती धुऊन जात असे. देणे आणि वापरणे एकाच गावात, एकाच माणसांच्या डोळ्यांदेखत घडत होते. रंगवणारा कोण हे साऱ्यांना ठाऊक असे. आता छपाई स्वस्त झाली. एकदा काढलेले चित्र हजार वेळा छापता येते, दूरच्या गावी विकता येते आणि त्याचा पैसा होतो. वस्तूचा माल झाला की तिच्यामागचा माणूस दिसेनासा होतो, ही गोष्ट समाजवाद्यांना कोणी शिकवावी लागू नये.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील एका मुलीने कोयता खांद्यावर घेतलेल्या आपल्या आईचे चित्र वहीत काढले. ते चित्र कोणीतरी संघटनेच्या कार्यालयात आणून लावले. सर्वांना ते आवडले. निधी उभारायचा होता, म्हणून ते पिशव्यांवर छापले आणि पाचशे पिशव्या खपल्या. पैसा चांगल्या कामाला लागला. कोणीही तो खिशात घातला नाही. येथे अन्याय झाला काय? माझ्या मते झाला. चोरी झाली असे मी म्हणत नाही. परंतु त्या मुलीने दिले एक आणि आपण घेतले दुसरे. तिने चित्र पाहण्यासाठी दिले होते. ते विकण्याचा अधिकार तिने दिला नव्हता, कारण तो आपण मागितलाच नव्हता.

तेलगावात हा विचार मांडणे मला सोपे वाटते, कारण हा साऱ्या ऊसपट्ट्याचा परिसर आहे आणि येथे काटा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उसाच्या वजनात काटा मारला जातो, ही तक्रार राज्यभर शेतकरी आणि तोडणी कामगार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. मजुरी टनावर मिळते. म्हणून काट्यावर जे चुकते ते थेट भाकरीतून जाते. त्याहून दुखरी गोष्ट मोजणीच्या भाषेत आहे. नवराबायको मिळून एक कोयता. दोन जिवंत माणसे हिशेबाच्या वहीत एका हत्याराच्या नावाने उतरतात आणि त्यात बाईचा श्रम तर पुरता बुडून जातो. या मोजणीविरुद्ध आपण बोलतो, बोललेच पाहिजे. मग आपल्याच दिनदर्शिकेवर चित्र काढणाऱ्याची नोंद ‘एक चित्र’ एवढीच राहावी, हे आपल्याला कसे चालते?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो आदराने ऐकला पाहिजे. चळवळीत नावाचा हव्यास कशाला, जे आहे ते सर्वांचे आहे, असा तो आक्षेप आहे. आपल्या लोकपरंपरेत निर्मात्याचे नाव नसते, असेही सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. आपली परंपरा या बाबतीत समजतो त्यापेक्षा अधिक दक्ष होती.

अभंगाची नाममुद्रा पाहा. शेवटच्या चरणात कवी आपले नाव घालतो. तुकोबांची मुद्रा सर्वांना पाठ आहे. नामदेवांची आहे. देवळाच्या दाराबाहेर उभ्या केलेल्या चोखोबांचीही आहे. शेजारच्या गंगाखेडच्या मानल्या जाणाऱ्या जनाबाईंनी दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करीत आयुष्य काढले. परंतु आपल्या अभंगाखाली स्वतःचे नाव त्यांनी सोडले नाही. ज्यांना समाजाने बसायला जागा दिली नाही त्यांनी शब्दात आपली जागा राखून ठेवली. याला अहंकार कोण म्हणेल? आणि या मुद्रेला हात लावणारा माणूस परंपरेने कोणत्या रंगात रंगवला आहे तेही पाहावे. तुकोबांची रचना स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो १९३६ सालच्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने घराघरांत पोहोचवला. प्रेक्षक त्याला हसले. पण त्याच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही.

हीच मुद्रा पुढे आंबेडकरी जलशांत आणि गीतांत आली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर बाबासाहेबांवर गीते लिहिली आणि गावोगाव फिरून गायिली. २००४ साली ते गेले. त्यांची गीते असंख्य गायकांच्या तोंडी आहेत. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, भीमगीतांना बाजार मिळाला आणि वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे, कवीचे नाव बारीक किंवा मुळीच नाही, असे अनेकदा झाले. तरीही ‘वामन’ हे नाव टिकले, कारण ते गीताच्या शेवटी शब्दांतच विणलेले होते. चित्रकाराला ही सोय नाही. कोपऱ्यातली सही कात्रीने कापता येते. मोबाइलवर तर कात्रीही लागत नाही.

आता जेथे खरोखरच नाव नसते त्या जात्यावरच्या ओवीकडे या. ओवी साऱ्या बायांची, हे खरे. पण ती कोणी विकत नव्हते. पहाटे जात्यावर बसून दोघी गात होत्या आणि तेथेच तिचे काम पूर्ण होत होते. ती जात्यावरून उठून कागदावर किंवा ध्वनिफितीवर जाते तेव्हा काय करावे, याचा आदर्श शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ या दोन अभ्यासकांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली येथून जवळच्या माजलगावात भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायिल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. पुढे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या उपक्रमाने हा ठेवा लोकांसमोर आणला, तेव्हा ओवीशेजारी गाणारीचे नाव आणि तिचे गाव दिले. ओवी आईकडून आलेली असेल, शेजारणीकडून आलेली असेल. तरी ती ज्या कंठातून आपल्यापर्यंत आली त्या कंठाचे नाव लिहिले गेले. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव एखाद्या ग्रंथकाराच्या नावासारखे छापले जाते तेव्हा किती मोठे अंतर तोडले जाते! त्याला खर्च किती आला? विचारण्याचा आणि लिहून ठेवण्याचा.

तेव्हा निनावीपणाचा सिद्धान्त तपासून घ्यावा. नाव सोडण्यात मोठेपणा आहे, यात शंका नाही. पण तो मोठेपणा सोडणाऱ्याचा असतो. दुसऱ्याचे नाव आपण पुसायचे आणि त्यागाचे पुण्य त्याच्या माथी मारायचे, हा त्याग नव्हे. तसेच पाहिले तर जमीनदारही वेठीला धर्म म्हणत होता.

जगातल्या दोन उदाहरणांनी हे अधिक स्पष्ट होईल. १९५८ च्या ईस्टरला लंडनहून आल्डरमास्टनपर्यंत अण्वस्त्रविरोधी पदयात्रा निघाली. तिच्यासाठी जेराल्ड हॉल्टम या चित्रकाराने वर्तुळातले एक चिन्ह काढले. आज ते शांततेचे चिन्ह म्हणून जगभर ओळखले जाते. हॉल्टमने त्यावर हक्क राखून ठेवला नाही. चिन्ह सर्वांसाठी मोकळे राहिले. ते मोकळे ठेवणारा तो स्वतः होता.

दुसरे उदाहरण हवानाचे. ४ मार्च १९६० रोजी हवानाच्या बंदरात ‘ला कूब्र’ या जहाजावर स्फोट होऊन पुष्कळ माणसे मेली. दुसऱ्या दिवशीच्या शोकसभेत आल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने चे गव्हेराचे एक छायाचित्र टिपले. १९६७ साली त्याने त्याच्या दोन प्रती एका इटालियन प्रकाशकाला पैसे न घेता दिल्या. त्याच वर्षी चे मारला गेला, आणि ते चित्र भित्तिपत्रकांवर, झेंड्यांवर, सदऱ्यांवर छापले जाऊन जगभर गेले. कोर्दाला त्याचे मानधन मिळाले नाही आणि त्याने ते मागितलेही नाही. चेची आठवण आणि सामाजिक न्यायाचा विचार पसरवणाऱ्यांनी चित्र वापरावे, याला त्याची हरकत नव्हती. परंतु २००० साली तेच चित्र व्होडकाच्या जाहिरातीत आले तेव्हा मात्र तो न्यायालयात गेला. तडजोडीत सुमारे ५० हजार डॉलर मिळाले, ते त्याने क्युबातील मुलांच्या औषधोपचारासाठी देऊन टाकले. यात पैशाचा लोभ कोठे दिसतो? चाळीस वर्षे फुकट देणारा माणूस एका दिवशी ‘नाही’ म्हणाला, कारण त्याची देणगी एका हेतूला होती. हेतू बदलला की देणगी संपते, हे कोर्दाच्या वागण्याचे सार आहे.

साथींनो, प्रेमाने दिलेली वस्तू बिनअटी असते असा आपला समज असतो. उलट, प्रेमाने दिलेल्या वस्तूला अटी अधिक असतात. फक्त त्या बोलून दाखवलेल्या नसतात. धान्य विकणारा शेतकरी तुम्ही ते कोठे नेता हे विचारीत नाही. पण भूकंपग्रस्तांसाठी दिलेले धान्य कोणी बाजारात विकले तर देणारा जाब विचारतो आणि तो बरोबर असतो.

नाव जाते तेव्हा पुढे काय होते, हे वारली चित्रकलेने दाखवले आहे. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम डहाणू-तलासरीकडच्या वारली सुवासिनी करीत आल्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताला जगभर मान मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. पण त्याच वेळी शहरातल्या दुकानांत कपबशांवर, चादरींवर, पडद्यांवर वारली आकृत्या छापल्या जाऊ लागल्या. छापणाऱ्याला पाड्यावर जाण्याची गरज पडली नाही. शैली सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही, आणि म्हणून ज्याच्याकडे यंत्र त्याची, असा हा तर्क आहे. आदिवासी युवकांच्या संघटनेच्या खटपटीने २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. ती आवश्यक होती. पण बाजाराने आधी केलेल्या अन्यायानंतरची ती मलमपट्टी आहे. ‘सर्वांचे’ हा आपला सुंदर शब्द असा बेवारस सोडला तर भांडवल तो उचलून नेते.

आता कायद्याचे थोडे. कायदा नीतीच्या मागून चालतो. पण या बाबतीत तो आपल्या कित्येक मंडळांच्या पुढे आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक सर्वसाधारणपणे चित्रकार असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. वहीत काढलेल्या चित्रालाही हे संरक्षण आहे. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर ते पाच वर्षे धरले जाते. आपला हक्क सर्वांसाठी सोडून देण्याचीही सोय कायद्यात आहे. मात्र ती सूचना निर्मात्यानेच द्यायची. आणि कलम ५७ तर आपण पाठ करावे असे आहे. हक्क विकून टाकल्यानंतरसुद्धा कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी तिची मोडतोड थांबवण्याचा अधिकार निर्मात्यापाशी राहतो.

याच कलमाच्या आधाराने शिल्पकार अमरनाथ सहगल भारत सरकारशी लढले. दिल्लीच्या विज्ञान भवनातील त्यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली उतरवून भांडारात टाकले गेले आणि त्यात त्याची नासधूस झाली. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, पैसे चुकते झाले होते. तरीही १९९२ साली त्यांनी दावा लावला आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग शिल्पकाराला परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा निकाल दिला. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवरही मालकाची सत्ता निरंकुश नसते, हे तत्त्व त्यातून ठळक झाले. मग ज्या वस्तूसाठी आपण एक पैसाही दिला नाही तिच्यावर आपली सत्ता किती असावी?

व्यवहारात येणाऱ्या सबबी आपल्याला ठाऊक आहेत. पहिली सबब अशी की रक्कम लहान असते. खरे आहे, पण काटा मारणाराही एका मोळीमागे थोडेच मारतो. दुसरी अशी की चित्र छापले म्हणून त्या मुलीला आनंदच होतो. होत असेलही. मात्र आनंद झाला म्हणून संमती होती असे ठरत नाही. आणि पुष्कळदा तिला आनंद दाखवावा लागतो, कारण विरोध केला तर चळवळीत स्वार्थी ठरण्याचे भय असते. देणगीच्या पेटीपुढे गरिबाला नाही म्हणता येत नाही, तसे हे आहे. तिसरी सबब म्हणजे संघटना गरीब आहे. संघटना गरीब असेल, पण चित्र काढणारा तिच्याहून श्रीमंत आहे असे कोणी दाखवलेले नाही. छापखान्याचे बिल आपण देतो, कापडाचे देतो, वाहतुकीचे देतो. फुकट मिळते ते फक्त चित्र. याचा अर्थ असा की, ज्याला नाही म्हणता येते त्याला आपण पैसे देतो आणि ज्याला म्हणता येत नाही त्याच्याकडून तसेच घेतो. भांडवलदाराची रीत याहून निराळी नसते.

तेव्हा करावे काय? मी काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, विचारावे, आणि पुरते विचारावे. ‘चित्र वापरू का?’ एवढे पुरेसे नाही. कोणत्या वस्तूवर, किती प्रती, कोणत्या किमतीला, पैसा कोणत्या कामासाठी, हे सांगून विचारावे. चार ओळींचे साध्या मराठीतले संमतिपत्र करावे आणि एक प्रत चित्रकाराला द्यावी. लिहिता येत नसेल तर वाचून दाखवावे. चित्र लहान मुलाचे असेल तर पालकांना विचारावे, पण मुलालाही विचारावे.

दुसरी, नाव द्यावे. आणि कसे द्यावे हेही विचारावे. कोणाला आडनाव नको असते, कारण आडनावावरून जात शोधली जाते. एखाद्या मुलीला गावात नाव झळकणे अडचणीचे असते. कोणी टोपणनाव सांगेल, कोणी नावच नको म्हणेल. तो निर्णय त्यांचा. ज्या पिशवीवर संघटनेचे नाव मोठ्या अक्षरांत मावते तिच्यावर चित्रकाराचे नाव लहान अक्षरांत मावत नाही, ही सबब टिकणारी नाही.

तिसरी, चित्रात बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. रंग बदलणे, झेंडा घालणे, उमेदवाराचा चेहरा शेजारी बसवणे, घोषणा लिहिणे, हे सारे बदलच आहेत. बाबासाहेबांच्या चित्राशेजारी ज्याला उभे केले आहे त्याच्याविषयी चित्रकाराचे मत काय, हे आपल्याला माहीत नसते.

चौथी, हिशेब द्यावा. विक्री झाल्यावर जमा आणि खर्च सभेत वाचावा, आणि त्यात चित्रकाराच्या मानधनाची ओळ असावी. त्याने मानधन सोडले तर तशी नोंद करावी, म्हणजे त्याची देणगी देणगी म्हणून दिसेल. निदान काही प्रती त्याच्या घरी पोचवाव्यात. स्वतःचे चित्र असलेली पिशवी स्वतःच विकत घेण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

पाचवी, नकाराचा मान ठेवावा. चित्रकार उद्या आपल्याशी मतभेद झाल्याने दूर जाईल आणि पुढची आवृत्ती काढू नका म्हणेल. छापलेल्या प्रती विकून झाल्यावर थांबावे. आणि चित्र कोणाचे हे शोधूनही सापडत नसेल, तर ते विक्रीच्या वस्तूवर घालू नये. न सापडणाऱ्या माणसाची संमती गृहीत धरता येत नाही. त्याऐवजी आपल्यातल्या एखाद्याकडून नवे चित्र करून घ्यावे.

येथे एका नव्या मोहाविषयी बोलले पाहिजे. आता संगणकाला चार शब्द सांगितले की तो क्षणात चित्र काढून देतो, मग कोणाला विचारण्याची कटकटच उरत नाही, असे काही तरुण साथी म्हणतात. ते यंत्र चित्र काढायला शिकते ते माणसांनी काढलेल्या अगणित चित्रांवरून. आणि त्या माणसांपैकी बहुतेकांना कोणी विचारलेले नसते. विचारण्याची कटकट संपली याचा अर्थ एवढाच की, ती न करण्याचे काम आता आपल्या वतीने दुसरा कोणी करतो.

चित्रकार साथींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. बाबासाहेबांचा, जोतिबांचा चेहरा कोणाच्या मालकीचा नाही. तो साऱ्या समाजाचा वारसा आहे. आपला हक्क आपल्या रेषेवर आहे, त्या चेहऱ्यावर नाही. दुसऱ्या अनुयायाने त्याच महापुरुषाचे चित्र काढले म्हणून त्याला अडवता येत नाही. शिवाय आपले चित्र एखाद्या छायाचित्रकाराच्या छायाचित्रावरून किंवा दुसऱ्या चित्रकाराच्या कामावरून केले असेल, तर ते सांगण्याचे ऋण आपल्यावरही आहे. जो मान आपण मागतो तो आपण आधी दिलेला असावा.

शेवटी मुद्दा विश्वासाचा आहे. पैशाच्या बळावर चालणाऱ्या पक्षांना चित्रे विकत मिळतात, माणसे विकत मिळतात, सभाही विकत मिळतात. आपल्यापाशी आहे ते फक्त लोकांनी आपणहून दिलेले: कोणाचा वेळ, कोणाची भाकरी, कोणाचा आवाज, कोणाची रेषा. हे भांडवल वापरताना हिशेब ठेवला नाही तर ते हळूहळू आटते. चित्र काढणारा भांडायला येत नाही. तो पुढचे चित्र काढीत नाही, किंवा काढले तरी दाखवीत नाही. आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, आजच्या बैठकीत याविषयी एक साधा ठराव करावा. पुढील वर्षाच्या दिनदर्शिकेपासून प्रत्येक चित्राखाली त्याच्या निर्मात्याचे नाव, त्याला हवे तसे, छापले जाईल. त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणतेही चित्र विक्रीच्या वस्तूवर जाणार नाही. आणि विक्रीचा हिशेब त्याच्यापुढे ठेवला जाईल. तालुक्यातालुक्यांतून आलेल्या साथींनी आपापल्या गावी जाऊन यापूर्वी वापरलेल्या चित्रांचे निर्माते कोण याची यादी करावी आणि त्यांना जाऊन भेटावे. श्रमाला दाम आणि श्रमिकाला नाव, ही मागणी आपण कारखान्याच्या फाटकावर करतो. तिचा अंमल आपल्या कार्यालयाच्या कपाटापासून सुरू करण्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.